टेकडीखाली माती टाका

गेल्या उन्हाळ्यात सुट्टीचा मेळा लागायच्या आधी आमच्या धंद्यातला पेंटर फोन उचलेना. मला वाटले, आजारी असेल. मैदानावर गेलो तर हा पठ्ठ्या शिडीवर उभा. एका पाटीवरचे 'रोलर कोस्टर' पुसून त्यावर 'बेबी ट्रेन' लिहीत होता. शेजारच्या पाटीवर 'बच्चा गाडी' लिहून झाले होते आणि ओल्या पिवळ्या रंगाखालून जुनी लाल अक्षरे अजून डोकावत होती. मला पाहून तो वरूनच ओरडला, "काका, तुमचा नंबर उद्या. काय लिहायचं ते ठरवून ठेवा."

मी खालून जे उत्तर दिले ते इथे लिहीत नाही.

झाले होते असे. दुसऱ्या कुठल्याशा गावात पाळणा कोसळून माणसे जायबंदी झाली आणि तपासणीचे नियम कडक झाले. चकडोळ म्हणजे मोठा आकाशपाळणा, रोलर कोस्टर असल्या मोठ्या राईडचा सांधा न् सांधा आता बाहेरच्या इंजिनियरकडून तपासून घ्यायचा, त्याचा दाखला आणायचा, आणि तो नसेल तर मैदानात वीज मिळणार नाही. लहान मुलांच्या राईडना एवढे काही नाही. साहेब येऊन डोळ्यांनी बघून जाणार. दाखला हातात पडेपर्यंत निम्मी-अधिक सुट्टी उलटून जाणार हे सगळ्यांना कळत होते. त्यामुळे ज्यांनी वर्षानुवर्षे भोंग्यावरून 'आवो, आवो, रोलर कोस्टर' असे बोंबलून गिऱ्हाईक ओढले, त्यांनी एका आठवड्यात पाट्या पुसल्या. सबंध बडोद्यात एकही रोलर कोस्टर उरली नाही.

माझाही विचार तोच होता. मी काही संत नाही. भावताव करून मोठा झालेला माणूस आहे. वडील प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात होते. जन्मभर दुसऱ्याच्या गाड्या दुरुस्त करून घरी आले, चहा पिऊन झोपले. मला शाळा जमली नाही. मी हाताने फिरवायचा चार खोक्यांचा लाकडी पाळणा घेऊन जत्रा केल्या. त्या वेळी आम्ही नागरवाड्यात एका खोलीत भाड्याने राहत होतो. शेजारी जुनी घराणी. कोणाचे पणजोबा दरबारात, कोणाचे आजोबा ग्रंथालयात. त्यांच्या बायका मला नावाने कधी हाक मारीत नसत. "पाळणेवाले, तुमचे सामान जिन्यातून काढा." "पाळणेवाले, दुपारची ठोकाठोक बंद करा." वाईट बोलत नसत. 'अहो' म्हणूनच बोलत. पण त्या 'अहो'ने जेवढी आग होते तेवढी शिवीने होत नाही.

म्हणून मी रोलर कोस्टर बांधली. शहराबाहेर वाघोडियाला औद्योगिक वसाहतीच्या कडेला एक पत्र्याची शेड भाड्याने घेतली, भंगारवाल्यांशी घसा बसेपर्यंत घासाघीस करून पाईप आणले आणि लंबगोल रूळ वळवले. त्याला एका बाजूला उंचवटा केला. त्या उंचवट्याला आमच्या धंद्यात टेकडी म्हणतात. पहिल्या डब्याला फायबरचे ड्रॅगनचे तोंड लावले, सुळे, लाल डोळे, सगळे. गाडी टेकडीवरून उतरली की पोटात खड्डा पडायचा, तो मला पहिल्या दिवशी स्वतःला पडला. त्याच दिवशी पाटी लिहून घेतली: 'रोलर कोस्टर'. मी पाळणेवाला नव्हतो आता. निदान त्या पाटीखाली उभा असेपर्यंत नव्हतो.

त्या शेडमध्ये माझ्याकडे एक वेल्डर होता. खानदेशातून आलेला, हाताने चांगला, डोळ्याने त्याहून चांगला. एके दुपारी मी जेवायला गेलो असताना त्याने सुतळीने माझ्या सगळ्या रुळांची मापे घेतली आणि पुढच्याच मोसमात स्वतःची गाडी उभी केली. तोच आकार, तीच टेकडी. फक्त पाईप बारीक आणि टेकडी जरा बुटकी. वर पाटी काय, तर 'बडोदा की सबसे बडी रोलर कोस्टर'. ही पाटी माझ्या छातीवर बसली ती अजून उतरलेली नाही. भेटेल त्याला मी सांगत सुटलो: ती रोलर कोस्टर नव्हे, ती पोरांची आगगाडी आहे. मेळ्याच्या सगळ्या मालकांना हे माझे वाक्य पाठ झाले होते.

तर त्या दिवशी मालकांची बैठक होती. मी ठरवूनच गेलो होतो, की आपणही 'फॅमिली ट्रेन' म्हणायचे, सुट्टी पदरात पाडून घ्यायची आणि पुढच्या वर्षी पाहू. फाटकाजवळची कोपऱ्याची जागा माझी होती. ती मिळवायला मला किती वर्षे कोणाकोणाशी गोड बोलावे लागले, ते माझे मला ठाऊक. एक मोसम गाडी लागली नाही तर ती जागा गेली, आणि गेलेली जागा कोणी परत देत नाही.

वाटेत माझ्या त्या जुन्या वेल्डरची गाडी दिसली आणि मी थांबलो. त्याच्याही पहिल्या डब्याला ड्रॅगनचे तोंड होते, माझ्यावरूनच उचललेले. आता त्याचे सुळे कापून टाकले होते, जबड्याला पुट्टी भरून तोंड मिटवले होते आणि डोक्यावर पत्र्याचे दोन लांब कान जोडून त्यांना गुलाबी रंग दिला होता. डोळे मात्र तसेच, लालभडक. ससा कोणाचा तरी खून करून आल्यासारखा दिसत होता.

"भाऊ, कसा वाटला?" तो मागून आला.

"कोणाचं पाप आहे हे?"

"पोरांना ससा आवडतो."

"पोरांना का साहेबांना?"

तो हसला. "तुमचा ड्रॅगन पण बदलून देऊ का? कान माझ्याकडे उरलेत."

मी पाठ फिरवून बैठकीकडे चालू लागलो.

बैठक मोटाभाईंच्या तंबूत होती. मोटाभाई म्हणजे चकडोळवाले, आमच्यात सगळ्यात जुने आणि पैसेवाले. त्यांनी आपला दाखला आधीच आणून ठेवला होता, त्यामुळे ते निवांत होते. तपासणीचे साहेब सकाळीच येऊन सांगून गेले होते: "नियमात रोलर कोस्टर हा शब्द आहे, पण तुम्ही लोकांनी शेडमध्ये काय काय बनवलंय त्याची यादी नियमात कशी असणार? तुम्ही सगळे मिळून ठरवा, तुमच्यातल्या कोणत्या राईड रोलर कोस्टर धरायच्या. दुपारी मी येतो आणि बघतो तुमचं बरोबर आहे का." सरळ माणूस होता बिचारा. माणसांवर एवढा विश्वास टाकू नये हे त्याला अजून कोणी शिकवले नव्हते.

"बोलो भाई," मोटाभाई म्हणाले. "रोलर कोस्टर एटले शुं?"

सगळे एकदम बोलू लागले. रोलर कोस्टर म्हणजे काय, तर जे आपले नाही ते.

माझा वेल्डर म्हणाला, "जी माणसाला उलटं करते ती. डोकं खाली, पाय वर. आपल्यात कोणाची उलटी होते?"

"उलटी तर तुझ्या गाडीत सगळ्यांनाच होते," मी म्हणालो. लोक हसले.

पाण्याची घसरगुंडी आणि होडी असलेला एकजण म्हणाला, "ज्यात लोक किंचाळतात ती रोलर कोस्टर. माझ्या होडीत पोरं किंचाळत नाहीत, काठावरच्या आया किंचाळतात. आयांचा आवाज धरायचा नाही."

"मग माझी तर नाहीच," अळीची गाडी चालवणारा म्हणाला. त्याच्या डब्यांना हिरव्या अळीचा आकार आहे. "माझ्यात तर सीटला बांधायचे पट्टेच नाहीत."

"पट्ट्यांचा काय संबंध?" मी विचारले.

"अरे काका, रोलर कोस्टरला पट्टे लागतात. माझ्या गाडीला पट्टे नाहीत. म्हणजे ती रोलर कोस्टर नाही. साधी गोष्ट छे."

"बराबर छे," दोघेतिघे म्हणाले. एकाने तर मान डोलावत स्वतःच्या मॅनेजरला फोन लावला आणि आमच्यासमोर सांगितले, "सांभळ, ऐक नीट, आपल्या डब्यांचे पट्टे काढून घे. हो, सगळे. साहेब यायच्या आत."

मी चहाचा कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती आणि तिच्यात एक माशी. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हते. त्या मॅनेजरने पलीकडून काही विचारले असावे, कारण हा म्हणाला, "कापू नको, खोल फक्त. परत लावायचे आहेत ना." म्हणजे पट्टे कशासाठी असतात ते त्याला नीट ठाऊक होते.

मोटाभाईंनी हात वर केला. "शांति राखो. असं मोजमाप काढा की साहेबांना पटेल. उंचीवर घ्या. ज्या टेकडीखालून माणूस ताठ चालत जातो ती रोलर कोस्टर. ज्या टेकडीखाली माणसाला वाकावं लागतं, ती मुलांची गाडी."

"कुठला माणूस?" मी लगेच विचारले. भावतावात पहिला प्रश्न हाच असतो: माप कोणाचे?

"आपल्यातला जो सगळ्यात उंच."

सगळ्यात उंच मौत का कुआँ मध्ये मोटारसायकल चालवणारा. भला थोरला उत्तर भारतीय गडी, बिचारा झोपला होता. त्याला उठवून आणले. तो डोळे चोळत एकेका राईडच्या टेकडीखालून जाऊ लागला आणि मागे आम्ही सगळे, लग्नाच्या वरातीसारखे. अळीच्या गाडीखाली तो वाकला. टाळ्या. सशाच्या गाडीखाली वाकला. टाळ्या. माझ्या वेल्डरने त्याला मिठी मारली. माझ्या टेकडीखाली आला आणि ताठ निघून गेला. केस पण लागले नाहीत.

कोणी टाळी वाजवली नाही. मग मोटाभाई मोठ्या मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "कशाला तोंड पाडता? टेकडीखाली माती टाका. दोन ट्रॅक्टर माती टाकली की हा वाकेल. दुपारच्या आत होऊन जाईल. चालशे."

मी चाळीस वर्षे हेच करत आलो आहे, अशा युक्त्या मीच लोकांना सुचवतो, आणि ही तर माझ्याही डोक्यात आली नव्हती. टेकडी तीच, गाडी तीच, वेग तोच. जमीन वर आणायची. दुसऱ्या कोणाच्या गाडीसाठी निघाली असती तर मी मोटाभाईंचे पाय धरले असते. पण ती माझ्या गाडीसाठी होती. तिकडे पट्टे खोलत होते ते दिसत होते. एका तारेवर दोरीवरच्या धुण्यासारखे टाकले होते. मला थुंकावेसे वाटले.

"माझी रोलर कोस्टर आहे," मी म्हणालो.

"ते झालं हो. माती टाकली की नाही राहणार."

"माती टाकली तरी आहे. आणि तुमच्या पण आहेत. याची पण आहे," मी वेल्डरकडे बोट केले. "माझ्याच मापाने बांधलीय. माझी जर आहे, तर याची कशी नाही?"

वेल्डर पुढे आला. त्याच्या तोंडावर असे हसू होते, जसे गिऱ्हाईक स्वतःहून जादा भाव बोलले की दुकानदाराच्या तोंडावर येते.

"भाऊ, इतकी वर्षं तुम्हीच सांगत आलात ना सगळ्यांना? 'ती रोलर कोस्टर नव्हे, पोरांची आगगाडी आहे.' का रे, म्हणायचे की नाही?"

"म्हणायचे, म्हणायचे!" सगळा घोळका एका सुरात.

"मग मी मोठ्यांचा शब्द कसा मोडू?"

हशा असा पिकला की मौत का कुआँवाला पण हसू लागला, त्याला मराठी येत नसताना.

साहेब आले तेव्हा मोटाभाईंनी उंचीचे माप समजावून सांगितले. साहेबांनी ते शांतपणे ऐकले आणि म्हणाले, "हे माप तुम्ही आज सकाळी काढलंत ना?" मग त्यांनी स्वतः प्रत्येक राईडला फेरी मारली, चालवून पाहिली, पट्टे नाहीत म्हणून तिघांना झापले आणि लावून घेतल्याशिवाय वीज नाही असे सांगितले. तारेवरचे पट्टे परत डब्यांत गेले. बाकी त्यांना त्या गाड्या बुटक्या आणि संथच वाटल्या. सशाची गाडीसुद्धा त्यांनी मुलांची म्हणून धरली. मग ते माझ्याकडे वळले.

"काका, ही मला मधली वाटते. इकडेही जाईल, तिकडेही जाईल. तुमचं म्हणणं काय?"

आता विचार करा. साहेब स्वतः दार उघडून देत होता. मला फक्त 'मुलांची' एवढा एक शब्द बोलायचा होता. बोलायलाच तर मी घरून निघालो होतो. मागे सगळे उभे होते आणि सगळ्यांना खात्री होती की हा म्हातारा आता मान खाली घालून तेच म्हणणार. माझ्या वेल्डरचे ते हसू अजून गेले नव्हते.

"रोलर कोस्टर आहे," मी म्हणालो.

"नक्की? मग दाखला लागेल."

"आणतो."

घरी सांगितले तेव्हा आमची ही भाजी निवडत होती. तिकिटाच्या खिडकीत वर्षानुवर्षे तीच बसते. उन्हाने तिचा एक हात दुसऱ्यापेक्षा काळा झाला आहे. तिने सगळे ऐकून घेतले.

"कोणी विचारलं होतं तुम्हाला?"

"साहेबांनी."

"साहेबांनी विचारलं तर खरं सांगायचं, हे तुम्हाला याच वर्षी बरं सुचलं." मग भाजीचे देठ मोडत म्हणाली, "खिडकीत मी बसणार, आणि मान पाटीला. बसा आता त्या पाटीला वारा घालत."

फाटकाजवळची जागा दुसऱ्याच दिवशी गेली. कोणाला, ते सांगायला नको.

गाडी सुटी करून वाघोडियाला नेली आणि शेडसमोरच्या मोकळ्या जागेत पुन्हा जोडली. इंजिनियर मिळायला दिवस गेले, कारण सगळ्या गुजरातेत आता तेच काम चालू होते. मधे एकदा बायकोच्या भाचीची पोरे आली म्हणून मेळ्यात जावे लागले. माझ्या कोपऱ्यात ससा फिरत होता. लोकांची रांग लागली होती आणि भोंग्यावर माझ्या वेल्डरचा आवाज: "आवो, आवो! बच्चा ट्रेन, रोलर कोस्टर जैसा मजा!" जैसा! शब्द टाकून दिला आणि मजा ठेवून घेतली. मला बघून तो भोंगा बंद करून आला.

"भाऊ, बसा ना. तुमच्याकडून काय तिकीट घ्यायचं?"

"तुझ्या सशाचा एक कान हलतोय," मी म्हणालो. "घट्ट कर. पोराच्या डोळ्यात जाईल."

त्याने पाना मागवून तिथल्या तिथे कान घट्ट केला. हात चांगला आहे त्याचा, मी आधीच म्हटले.

शेवटी इंजिनियर आली. मी पुरुष येईल असे धरून बसलो होतो. आली एक तरुण मुलगी, स्कूटरवरून, पाठीला पोतडी. बोलणे शुद्ध, स्वच्छ. मी विचारले, "कुठल्या तुम्ही?"

"नागरवाडा."

"झालं मग," मी म्हणालो. तिला काही कळले नाही आणि मी सांगितले नाही.

पण काम तिने चोख केले, ते मान्य करायला हवे. प्रत्येक सांध्यावर लाल रंग लावायची, पुसायची, मग पांढरा फवारा मारायची. चीर असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. उन्हात रुळांखाली आडवी पडून तिने सगळी गाडी अशी पाहिली. मी प्रत्येक फवाऱ्याला श्वास धरून उभा. एकही लाल रेघ आली नाही. मी बायकोकडे पाहिले. ती मुद्दाम दुसरीकडे पाहत होती.

"सांधे उत्तम आहेत," ती मुलगी हात पुसत म्हणाली. "पण काका, दाखल्यावर मी रोलर कोस्टर लिहू शकत नाही."

"का?"

"कारण ही रोलर कोस्टर नाहीये."

मला वाटले, ही पण मेळेवाल्यांना मिळालेली आहे. माझा चेहरा बघून ती घाईने समजावू लागली. "रोलर कोस्टरमध्ये गाडी एकदा वर चढवली की सोडून द्यायची असते. पुढचा सगळा फेरा ती आपल्या वजनाने करते. तुमच्या गाडीच्या पहिल्या डब्यात मोटर आहे, ती सबंध फेरा गाडीला ओढत नेते. चढताना पण, उतरताना पण. ही विजेची गाडी झाली. वाईट आहे असं नाही म्हणत मी. छान आहे. पण ती गाडी आहे."

बायको लगबगीने पुढे आली. "म्हणजे मुलांची गाडी?"

"तसं लिहिता येईल. 'मुलांची विजेवरची गाडी.' आज लिहून दिलं तर उद्या लावू शकाल मैदानात. सुट्टी आहे अजून थोडी."

"ऐकलंत?" बायको माझ्याकडे वळली. "शिकलेल्या माणसानं सांगितलं. आता तरी कमीपणा नाही ना? घ्या लिहून आणि चला."

खरे सांगतो, मोटाभाईंच्या तंबूत आली नव्हती एवढी किळस मला तेव्हा आली, आणि कोणाची आली ते कळेना. त्या मुलीची नाही. ती खोटे बोलत नव्हती. ज्या रोलर कोस्टरसाठी मी जागा घालवली, ती ही गाडी नव्हतीच. माझा वेल्डर बरोबर, मोटाभाई बरोबर, नागरवाड्यातल्या त्या बायका बरोबर.

पण समोरच्याने पहिला भाव सांगितला की तोच शेवटचा, असे मी कधी मानलेले नाही.

"टेकडीवरून उतरते ती तर वजनानेच ना?" मी म्हणालो.

"मोटर चालू असते."

"बंद केली तर?"

ती थबकली. "तर काय?"

"माथ्यावर नेऊन मोटर बंद केली, सोडून दिली, आणि पुढचा फेरा करून फलाटावर परत आली, तर लिहाल?"

"आली तर लिहीन," ती म्हणाली. "पण डबे रिकामे नाही चालणार. माणसांच्या वजनाच्या गोण्या भरून."

"निम्म्या."

"सगळ्या सीटवर."

"पुढच्या डब्यात जास्त, मागच्यात कमी."

"सारख्या, काका."

मला ती आवडू लागली होती.

रेतीच्या गोण्या भरल्या, पट्टे लावले. चाकांना मी स्वतः ग्रीस भरले, कोपरापर्यंत हात काळे करून. मोटरने गाडी हळूहळू माथ्यावर नेली आणि मी खटका खाली ओढला. मोटरचा आवाज गेला. इतक्या वर्षांत त्या गाडीचा नुसता चाकांचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता. भोंग्याखाली, मोटरखाली तो दडून राहिला होता. ती उतरली, पहिले वळण घेतले, आणि बायको भाजीवाल्याला हाक मारावी तशी ओरडली, "अगं बाई, चालली की!" मागची सरळ रेघ ती बऱ्यापैकी गेली. दुसऱ्या वळणावर दमली. वळणातून बाहेर आली, फलाट समोर दिसत होता, आणि तिथे ती उभी राहिली. ड्रॅगनचे तोंड फलाटाकडे, आणि मध्ये माणूस आडवा झोपेल एवढे अंतर.

मी जाऊन ते अंतर पावलांनी मोजले.

"थोडक्यासाठी," मी म्हणालो.

"थोडक्यासाठीच असतं, काका."

बायकोने अंतर पाहिले, फलाटाच्या लाकडी फळ्या पाहिल्या आणि म्हणाली, "मग फलाटच इकडे ओढून घ्या ना. चार तर बोल्ट आहेत."

ती काही वाकडे बोलत नव्हती. इतकी वर्षे माझ्याबरोबर संसार केल्यावर माणसाला असेच सुचणार. मुलगी माझ्याकडे बघत होती, मी काय म्हणतो ते ऐकायला. फलाट कुठे असावा याचा तिच्या नियमात शब्द नसणार, ते मला तिच्या चेहऱ्यावरूनच कळले. माझे तोंड उघडले होते. शप्पथ सांगतो, 'हो' तोंडापर्यंत आला होता.

"काय लिहू?" तिने विचारले.

"काही लिहू नका," मी म्हणालो. "टेकडी किती वाढवावी लागेल ते सांगा."

बायकोने पदर तोंडावर घेतला आणि शेडमध्ये निघून गेली. आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. शेडमध्ये चहाच्या भांड्यापलीकडे भांडी नाहीत, तेच ती पुन्हा पुन्हा आपटत असावी. मुलीने समजावून पाहिले, की नुसती टेकडी वाढवून भागणार नाही, पाय जाड करावे लागतील, चढायला साखळी लागेल, थांबवायला ब्रेक लागेल, मोटर डब्यातून काढून खाली बसवावी लागेल. म्हणजे जवळजवळ सगळेच नव्याने. मी म्हटले, बसा, चहा येईल, सांगत राहा.

सुट्टी संपली. मेळा उठला. सशाने फाटकाजवळच्या जागेचे पुढच्या वर्षाचे पण बोलून ठेवले आहे असे ऐकतो. माझी गाडी वाघोडियाला उघडी पडली आहे, टेकडी काढून ठेवलेली, पाय उपटलेले. पाईपवाल्याशी भावावरून महिनाभर भांडण चालू आहे. तो दर वेळी एकच विचारतो, "काका, पोरांच्या गाडीला एवढे जाड पाईप कशाला हवेत?" मी त्याला अजून खरे कारण सांगितलेले नाही. सांगितले की तो भाव वाढवेल.